काटकोनबाईंची बोलाइन

काटकोनबाई गणित शिकवायच्या. नाव अर्थातच मुलींनी पाडलेलं. बाईंचं उभं राहणं काटकोनात, फळ्यावरची रेघ काटकोनात, आणि त्यांच्या तासाला वर्गातला पंखासुद्धा दबकून फिरायचा. निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. या वयात तुम्हाला काही नवं शिकावं लागेल असं कुणी म्हटलं असतं, तर बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पण शाळेच्या गाइड कॅप्टनच्या नवऱ्याची बदली झाली, त्या गेल्या, आणि मोठ्या बाईंनी गाइडचं पथक काटकोनबाईंच्या गळ्यात घातलं. शेवटचा तास मोकळा असतो, एवढंच कारण. बाईंनी नाक मुरडलं. निळ्या गणवेशातल्या पोरी दोऱ्या घेऊन मैदानभर हुंदडतात, बाहीवर कापडी बॅज मिरवतात आणि सहामाहीत साधा भागाकार चुकवतात, हे त्यांचं गाइडिंगबद्दलचं एकूण मत.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मीच सापडले," त्या घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या.

"भाज ना," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "त्यातल्या चार घरी आण."

पथकाची नायिका होती भिंगरी. एका जागी उभी राहील ती भिंगरी कसली. गणिताशी मात्र तिचं पिढीजात वैर असावं. तिच्या सहामाहीच्या पेपरावर बाईंनी तांबड्या शाईत 'प्रयत्नच नाही' असा शेरा मारला होता. त्याच भिंगरीची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत बॅजनी भरली होती: प्रथमोपचार, स्वयंपाक, नकाशावाचन, आणखी काय काय. आता सगळ्यांत वरची पायरी तेवढी राहिली होती.

एक दिवस ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्हाला गाठी मारता येतात?"

"कसल्या गाठी?"

"कुठल्याही."

"बुटाच्या नाडीची येते. का?"

"बास? बाकी काहीच येत नाही?" भिंगरीचा चेहरा उजळला. "मग तुम्हीच हव्यात मला!"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत 'तुम्हाला काहीच येत नाही' हे कुणी इतक्या आनंदानं बाईंना सांगितलं नव्हतं. मग उलगडा झाला. वरच्या पायरीसाठी एका अगदी कोऱ्या माणसाला गाठी शिकवायच्या असतात. बाहेरून परीक्षक येतात आणि त्या शिकाऊ माणसाची परीक्षा घेतात. त्याला आलं तर शिकवणारी पास, त्याचं अडलं तर शिकवणारी नापास. पथकातल्या नव्या लहान मुली इतरांनी आधीच वाटून घेतल्या होत्या. भिंगरीचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष, पुन्हा संधी नाही. शिकणाऱ्याला वयाची अट मात्र नव्हती.

बाई हो म्हणाल्या. दयेपोटी नव्हे, हे इथंच सांगितलेलं बरं. पथकातली मुलगी अडली तर मोठ्या बाई जाब विचारतील, म्हणून.

शाळा सुटली की दोघी खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांवर बसायच्या. साधी गाठ जमली. खुर्चीच्या पायाला मारायची गाठही रडतखडत जमली. पण बोलाइननं बाईंच्या नाकी नऊ आणले. बोलाइन म्हणजे न सरकणारा फास. बुडणाऱ्याला ओढायचं तर त्याच्या कमरेभोवती हीच मारतात, कारण कितीही ताण दिला तरी ती आवळत नाही. बाईंची मात्र एकतर सुटायची, नाहीतर आवळायची. घरी त्यांनी नवऱ्याच्या गाउनचा पट्टा पळवला. "मी कुठं पळून चाललोय?" म्हणत तो बिचारा गाउन हातानं धरून हिंडायचा.

भिंगरी दर वेळी गाठ सोडायची आणि म्हणायची, "परत करू, बाई." पालथ्या घड्यावर पाणी ओततेय असा भाव कधी तिच्या चेहऱ्यावर आला नाही. 'कितीदा सांगायचं गं!' हे बाईंचं वर्गातलं रोजचं वाक्य. ते आपल्याला अजून एकदाही ऐकावं लागलं नाही, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांना आतून लाज वाटली.

"हे काही मला जमायचं नाही," एका संध्याकाळी त्यांनी दोरी टाकून दिली. "डोक्यात आहे सगळं, पण हात ऐकत नाहीत."

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना? तुम्ही दोरी उचलताना आधी डावा हात पुढे करता. मग तो मागे घेता आणि उजवा घालता. का?"

बाईंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. लहानपणी डाव्या हातात पेन्सिल दिसली की आत्या बोटांवर पट्टी मारायची. आत्या प्रेमळ होती, पण पट्टी लाकडी होती. वर्षभरात हात सुधारला, असं घरात सगळ्यांना वाटलं. पुढं लग्न झालं, नोकरी लागली, केस पिकले. बाईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. त्या दिवशी भिंगरीला सांगितलं.

भिंगरी 'अरेरे' म्हणाली नाही. तिनं बाईंच्या शेजारची आपली खुर्ची उचलली आणि बरोब्बर समोर मांडली.

"आता मी आरसा. मी उजव्यानं करते. तुम्हाला समोर दिसेल तसं डाव्यानं करा."

बाईंनी केलं. बोलाइन बसली. त्यांनी ती ओढून पाहिली, सोडली, पुन्हा मारली, पुन्हा बसली. मग त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की शिपाई डोकावून गेला.

परीक्षेच्या दिवशी आले ते परीक्षक जन्मभर जहाजावर दोर ओढून निवृत्त झालेले. आवाज भोंग्यासारखा, पंजे रुंद. बोलायला फारसे तयार नाहीत. नियम एकच सांगितला: शिकवणारीनं मागं उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. पहिल्या गाठी पार पडल्या. मग ते म्हणाले, "बोलाइन. स्वतःच्या कमरेभोवती."

बाईंनी दोर उचलला. परका माणूस टक लावून हातांकडे बघत होता. त्यांनी सगळी हयात जे केलं तेच केलं. डावा हात मागे घेतला आणि उजवा पुढे केला. टोक भलतीकडून गेलं. गाठ कमरेला आवळली. त्यांनी ती सोडली, पुन्हा मारली, पुन्हा आवळली. मागं भिंगरीचा श्वास अडकलेला त्यांना ऐकू आला.

'हिला एकदा मी तांबड्या शाईनं नापास केलं,' बाईंच्या मनात आलं, 'आता माझ्या हातांनी पुन्हा करणार. आणि या वेळी तर हिचं काहीच चुकलेलं नाही.'

"सोडायची का?" परीक्षकांनी विचारलं.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी गाठ पूर्ण सोडली, दोराचं टोक डाव्या हातात घेतलं आणि समोर रिकामी जागा होती तिथं भिंगरीची खुर्ची आहे असं मनात आणलं. बोलाइन बसली. परीक्षकांनी दोर धरून असा हिसका दिला की बाई दोन पावलं पुढं आल्या. फास जागचा हलला नाही.

"डावखुऱ्या दिसता."

"हो," बाई म्हणाल्या. आवाज वर्गात असतो तसाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "जन्मापासून."

परीक्षकांनी मान डोलावली आणि भिंगरीकडे वळून म्हणाले, "पास." भिंगरीनं बाईंना मिठी मारली. काटकोनबाईंना शाळेत मिठी मारणारी ती पहिलीच.

बॅज देण्याचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात झाला. भिंगरीला वरच्या पायरीचा बॅज मिळाला, तिच्या आईनं डोळे पुसले. त्यानंतर नव्या सभासदांची रांग लागली. सगळ्या चिमुरड्या, आणि त्यांच्यात मधोमध काटकोनबाई. गाठी येत होत्या, गाइडचं वचन पाठ होतं, मग नुसत्या देखरेखीला तरी का राहायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. प्रवेशाचा छोटासा बॅज त्यांच्या साडीवर लावायचा मान पथकाच्या नायिकेचा.

भिंगरीनं बॅज लावला, सलाम ठोकला आणि हात पुढं केला. बाईंनीही सवयीनं उजवा हात पुढं केला.

"बाई, तो नाही," भिंगरी हळूच म्हणाली. "आता तुम्ही आमच्यातल्या झालात ना. आमच्यात डावा देतात."

बाईंना आधी वाटलं, ही पोर आपल्याला बरं वाटावं म्हणून बनवतेय. त्यांनी रांगेकडे पाहिलं. पुढच्या चिमुरड्या एकमेकींचे डावे हात धरून खिदळत होत्या. जगभर तसाच देतात, भिंगरी म्हणाली, पहिल्यापासून.

काटकोनबाईंनी भरल्या सभागृहात डावा हात पुढं केला.

"फार उपकार झाले गं तुझे," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं. हात काही त्या सोडेनात. शेवटी मागच्या चिमुरडीनंच त्यांना ढोसलं, "बाई, सरका ना, माझा नंबर आहे."