लिथियमपुढं फोडलेला नारळ

फ्यूजनच्या भट्टीत सूर्यासारखे अणू जोडून वीज तयार होणार म्हटल्यावर लोक मला किरणोत्सर्गाबद्दल विचारतात. मला मात्र नारळ आठवतो आणि माझं डोकं फिरतं.

वाळूजच्या वर्कशॉपमध्ये आम्ही त्या भट्टीसाठीचं पोलाद वितळलेल्या लिथियममध्ये बुडवून तपासत होतो, कारण भट्टीच्या भिंतीतून हेच लिथियम फिरणार असतं. ह्या तापलेल्या धातूला पाणी लागलं की स्फोट होतो, हे मी मालकांना ओरडून सांगितलं होतं. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हार घातले. लिथियमचं भांडं तापलेलं होतं, पण झाकण घट्ट बंद होतं.

"त्याला हात लावू नका," मी म्हणालो.

मालक कन्नड तालुक्यातले, हट्टी. "पूजेला तोंड झाकून बसतं का कुणी?" म्हणत त्यांनी झाकण उचललं आणि भांड्याच्या काठावरच नारळ हाणला.

पाणी आत पडताच मोठा धडाका झाला. पांढरा जाळ थेट त्यांच्या तोंडावर आला. गालाची कातडी लोंबायला लागली. त्यांचा भाऊ पाण्याची बादली घेऊन धावला. मी त्याच्या पोटात लाथ घातली, तेव्हा तो बादलीसकट आडवा झाला. शेवटी ग्रॅफाइटची पावडर पोत्यानं ओतून मी जाळ दाबला.

फ्यूजनची भट्टी बिघडली तर आपोआप विझते, हे खरंय. पेटलेलं लिथियम आपोआप विझत नाही.

दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले मालक माझा हात चाचपत म्हणाले, "खरं सांगा, नारळ नासका निघाला होता का?"

"नाय मालक," मी दातओठ खात म्हणालो, "नारळ लई चांगला होता. पाण्यानं गच्च भरलेला."