बसून झोपणारी आई

गावाहून पाहुणे आले की चारकोपच्या आमच्या दोन खोल्यांत आई आपली गादी त्यांना द्यायची आणि स्वतः कपाटाला पाठ टेकून बसायची. "तुमी निजा, माका बसानच झोप लागता." पाहुणे गावी जाऊन तिच्या या त्यागाच्या गोष्टी सांगायचे. मलाही तिचा कोण अभिमान!

म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी "उशा किती घेतात?" असं विचारलं, तेव्हा मी कौतुकाने सांगितलं, "एकही नाही, ती बसूनच झोपते." त्यांनी पेन खाली ठेवलं. आडवं पडलं की दम कोंडतो म्हणून बसतात त्या, म्हणाले. मग लहानपणी घसा दुखून ताप आला होता का, सांधे सुजले होते का, हे विचारलं. सुजले होते. गावात वात समजून लेप लावले होते. त्या तापानेच हृदयाची झडप बिघडली होती. कुणाची जन्मतःच वेगळी असते, कुणाची उतारवयात कडक होते, हिची अशी. पुरती उघडत नाही आणि पुरती मिटतही नाही.

"दार अडकलंय की उघडं राहिलंय? एक काय ते सांगा ना," मी वैतागून म्हटलं.

"दोन्ही. अर्ध्यावर अडकलेलं दार उघडतही नाही आणि लागतही नाही."

झडप बदलायची ठरली. धातूची घेतली तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, प्राण्याच्या ऊतीची घेतली तर ती कधीतरी झिजणार. मी गोंधळले. आई म्हणाली, "टिकात ती घाला."

माझं डोकं मात्र भलतीकडेच गरगरत होतं. बाजारातून येताना ती सगळ्यांच्या मागे सावकाश चालायची, भांडणात चकार शब्द काढायची नाही. यातलं आईचं किती आणि झडपेचं किती? ऑपरेशननंतर घरी कोण येईल, याची मला खरोखर भीती वाटत होती.

आई घरी आली, हळूहळू सावरली. मे महिन्यात मावशी सहकुटुंब आली. दुपारी जेवणं उरकल्यावर सगळे लवंडले, तर आई मधोमध उभी. "सरका रे, माका आडवा पडूचा आसा." आणि चांगली हातपाय पसरून झोपली. मावशीला अंग चोरून कपाटाला टेकावं लागलं.

"ताई, तू अशी नाय होतंस गो," मावशी म्हणाली.

"अशीच होतंय," आई डोळे मिटूनच म्हणाली. "दम पुरत नाय होतो."