बूट घातलेला गोलकीपर

काहीही हातात दिलं की काका ते आधी उजेडात धरायचे. सोसायटीची नोटीस असो, दुधाची पिशवी असो, वर धरायची, उलटी करायची, डोळे बारीक करून बघायची आणि मग म्हणायचं, "ठेवा. बघू." एकदा मी वणीच्या गडावरून आले आणि त्यांना प्रसादाचा पेढा दिला, तर तोही खिडकीकडे धरला. मी म्हटलं, "काका, देवीचा आहे." तर म्हणाले, "देवीवर संशय नाही. पेढेवाल्यावर आहे."

तुमच्याही इमारतीत असा एक नमुना असेलच. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत हे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. सगळी नोकरी ओझरला विमानाच्या कारखान्यात, तीही इन्स्पेक्शनमध्ये. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा. रिटायर झाल्यावर विमानं सुटली आणि आम्ही सापडलो. टँकरवाला पाणी कमी टाकतो, लिफ्टवाला जुनाच पार्ट रंगवून बसवतो आणि सेक्रेटरी, म्हणजे मी, तिची तिन्ही कोटेशनं एकाच हातची वाटतात. कोटेशनं मुळात दोनच होती, पण ते जाऊ द्या.

माझीही त्यांच्यावर नजर होती. का, ते सांगते. आमच्या मागच्या मैदानावर संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. हे रोज तिथे जायचे आणि बरोबर गोलच्या मागे जाऊन उभे राहायचे. ना टाळी, ना ओरडा, नुसती नजर. पोरांच्या दोन-तीन आया माझ्याकडे आल्या. हा म्हातारा रोज पोरांकडे काय बघत असतो, विचारा जरा. मला असली कामं आवडतात, खोटं कशाला बोलू. त्याच संध्याकाळी गेले आणि सरळ विचारलं.

"मी पोरांकडे बघत नाही," ते म्हणाले. "गोलकीपरच्या पायाकडे बघतो."

"का?"

"आहे एक काम."

आता असं उत्तर दिल्यावर कुणाचा संशय कमी होईल? मीही फिरण्याच्या निमित्ताने तिथे थांबायला लागले. बघितलं तर माणूस खरं बोलत होता. गोल झाला की सगळं मैदान बॉलकडे बघायचं आणि हे तेवढे पायांकडे. एकदा गोलकीपर पडला, तर तो उठून गेल्यावर हे खाली बसले आणि त्याच्या टाचेने मातीत जी रेघ उठली होती तिच्यावरून बोट फिरवलं. मला तर वाटलं, काकांचं डोकं फिरलंय.

मी पिच्छा सोडला नाही. शेवटी एक दिवस काका कंटाळून कट्ट्यावर बसले आणि बोलले. दोन महायुद्धांच्या मधली गोष्ट. त्यांचे वडील तेव्हा ऐन विशीत, देवळाली कॅम्पात गोऱ्या सोल्जरांच्या मेसला भाजी पोचवायचे. पावसाळा सरला की शील्डच्या मॅचेस सुरू व्हायच्या, त्या उन्हं तापेपर्यंत चालायच्या. त्या वर्षी बाजारातल्या लोकांनी पहिल्यांदाच टीम उतरवली. भाजीवाले, हमाल, धोबी, सगळे अनवाणी. वडील गोलकीपर. आणि काय सांगू, ही टीम जिंकत सुटली. रेल्वेवाल्यांना हरवलं, पोलिसांना हरवलं. फायनल गोऱ्यांशी.

"आदल्या मॅचमध्ये बाबांच्या अंगठ्याचं नख उखडलं होतं," ते म्हणाले. "मेसमधल्या एका सार्जंटने ते पाहिलं आणि आपले जुने बूट दिले. आता आपल्यात कसं असतं? आहेर आला की देणाऱ्यासमोर एकदा अंगावर घालून दाखवायचा. नाही घातला तर त्याचा अपमान. बाबा ते बूट घालून फायनलला उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा पायात बूट. आणि तो सार्जंट समोरच्या टीममध्ये."

"मग?"

"शेवटी शेवटी एक बॉल आला. डावीकडून, हळू. शेंबड्या पोराने अडवावा असा. बाबा पडले, बॉल आत गेला. एका गोलने हरले."

दुसऱ्या दिवसापासून बाजारात एकच बोलणं. बूट घेतले आणि शील्ड दिली. ज्यांनी खांद्यावर घेऊन नाचवलं होतं त्यांनी भाजी घेणं बंद केलं. वडील देवळाली सोडून नाशकात आले, पण बोलणं त्यांच्या आधी पोचलं. ह्यांचा जन्म पुढे कितीतरी वर्षांनी झाला, तरी शाळेत ह्यांना पोरं 'बूटवाल्याचा' म्हणून हाक मारायची.

"मी कारखान्यात लागल्यावर एकदाच विचारलं. बाबा म्हणाले, पाय सटकला. बास, तेवढंच." काकांनी एक खडा उचलून उजेडात धरला. "मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, बघू. बापाला. त्यानंतर ते माझ्याशी त्या विषयावर बोलले नाहीत. तसे फारसे कशावरच बोलले नाहीत."

मी म्हटलं, "काका, एवढी वर्षं झाली. आता कशाला?"

"बाबा गेले त्या वयाच्या पुढे गेलो मी. उद्या वर गाठ पडली तर काय सांगू? चौकशी चालू आहे म्हणून?"

ह्यानंतर जे झालं त्यावरून सोसायटीत अजून माझ्या नावाने बोटं मोडतात. काकांनी बूट विकत घेतले. शालिमारच्या एका मोच्याकडून तळाला चामड्याच्या पट्ट्या ठोकून आणल्या, त्या काळी असायच्या तशा. पाथर्डी फाट्याकडे एक मुरमाड मोकळा प्लॉट हेरला, कारण देवळालीचं ते मैदान मुरमाचं होतं, गवताचं नव्हतं. बॉलही आणला. आणि एका सकाळी माझ्या दारात उभे. "सेक्रेटरी, चला. किक तुम्ही मारायची."

"मी? अहो, पोरांना सांगा की."

"पोरं दया करतील. तुम्ही नाही करणार."

ही स्तुती होती की काय, मला अजून कळलेलं नाही. मी त्यांना डॉक्टरची भीती घातली, तुमच्या मुलीला फोन करीन म्हटलं. पण ते ऐकणारे नव्हते आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. शंकाही होती. ह्या माणसाला बाप निर्दोष सुटायला हवाय, मग पट्ट्या मुद्दामच गुळगुळीत ठोकून घेतल्या असतील तर? मी बूट हातात घेऊन तळ तपासले. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, "तुम्ही आमच्या डिपार्टमेंटला पाहिजे होता."

दोन दगडांचा गोल केला. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून मी किक मारायला उभी, समोर नव्या बुटांतला म्हातारा. कुणी पाहिलं असतं तर दोघांनाही उचलून नेलं असतं. सुरुवातीचे बॉल त्यांनी वाकून, पाय लावून अडवले. बूट मुरमाला घट्ट धरत होते. प्रत्येक बॉल अडवला की त्यांचं तोंड आणखी उतरायचं. असा गोलकीपर मी पाहिला नव्हता.

"सटकत नाही हो," ते म्हणाले. मग बराच वेळ मुरमाकडे बघत राहिले. "अजून एक. डावीकडे. हळू."

मी हळूच मारला. आणि ते पडले. धप्पकन, कुशीवर. बॉल त्यांच्या हाताजवळून संथपणे आत गेला.

मी धावले. खुब्याचं हाड गेलं होतं, पाय वेडावाकडा पडला होता, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान की विचारू नका. "सटकला," म्हणाले. रिक्षातून हॉस्पिटलला नेताना ते विव्हळत होते आणि मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते. तेव्हा मेलीच्या माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? हा माणूस मुद्दाम पडला.

मुलगी पुण्याहून निघाली होती. संध्याकाळपर्यंत मीच कॉटशेजारी. इंजेक्शनने दुखणं जरा थांबलं तसे म्हणाले, "तुम्ही समोर होतात. काय दिसलं?"

"मी बॉलकडे बघत होते, काका."

"म्हणजे साक्षीदार म्हणून काही कामाच्या नाहीत."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. छताकडे बघत होते. "सेक्रेटरी, माझं मलाच समजलं नाही. पाय सटकला, का मी सोडला? बॉल येत होता, आणि पुढच्या क्षणी मी खाली होतो. मधलं काही आठवतच नाही. सकाळपासून शोधतोय." मग डोळे मिटले. "बाबांनाही नसेल हो कळलं. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं. त्याच्या पुढचं त्यांच्याकडे नव्हतंच, आणि मी तेच मागत राहिलो."

ते रडले. आवाज नाही, नुसतं पाणी कानाकडे ओघळत होतं. मी ओढणीने पुसलं. त्या आधी मी त्यांना कधी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्यातून ते शुद्धीवर आले नाहीत. मुलीने मला काही दोष दिला नाही, आयांनी मात्र दिला, आणि मी तो ऐकून घेतला. ते मुद्दाम पडले की नाही, हा प्रश्न मी आता स्वतःला विचारत नाही. मला त्यांची आठवण येते, आणि ती टँकरवाला पाणी टाकत असला की जास्त येते.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मुलगी आली तशी मी निघाले होते. पर्स उचलली, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाबा म्हणाले ना, पाय सटकला," ते म्हणाले. "तेव्हा मी फक्त एवढंच विचारायला हवं होतं. बाबा, फार लागलं का?"