एक तांब्याची घागर, दोरासह

आमच्या खानदानात भुताच्या गोष्टी सांगायचं काम माझ्या मेव्हण्याकडं आहे आणि त्या हाणून पाडायचं माझ्याकडं. लग्नकार्यात जेवणं उरकली की तो सुरू करतो – अमक्या पुलावर बाई उभी होती, तमक्या चिंचेखाली कुणीतरी तंबाखू मागितली – आणि मी विचारतो, "किती घेतली होतीस?" त्यामुळं हे लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "आता तुम्हाला कोण कोण काय विचारतंय ते बघा." विचारा. मी घेत नाही. चहासुद्धा अर्धाच.

तर... मी कोर्टात मॅनेजर होतो. हो, कोर्टातही मॅनेजर असतो. पक्षकार कुठं ताटकळतात, काम कुठं अडतं, कुठल्या खोलीत काय धूळ खात पडलंय याचा अभ्यास करायचा आणि जज्जसाहेबांना रिपोर्ट द्यायचा. त्याला एमबीए लागतं. पण माझं नेमकं काय करायचं हे कोर्टात कुणालाच कळेना. वकील मला बेलिफ समजायचे, पक्षकार वकील समजायचे आणि शिपाई काहीच समजायचे नाहीत. एका म्हाताऱ्यानं तर पीककर्जाची चौकशी केली – मॅनेजर म्हणजे बँकेचाच! त्यात भर माझ्या टायची. निळा, पांढऱ्या रेघांचा, नेमणुकीच्या वेळी बायकोनं हौसेनं घेतलेला. इंग्लिश शाळेची पोरं सोडली तर भर उन्हाळ्यात अख्ख्या तालुक्यात टाय घालून फिरणारा मी एकटा.

कोर्ट लातूर जिल्ह्यातलं, नांदेड रोडवरच्या एका तालुक्याचं. नाव सांगत नाही. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. माझं घर नांदेडला, आठवड्याला बसनं जायचो. तेव्हा पुन्हा एकदा नव्या जिल्ह्याची आवई उठली होती. लातूरचे दोन तुकडे होणार, मग कोर्टं वाढणार, मग खोल्या लागणार... म्हणून मला मुद्देमालाची खोली रिकामी करायच्या कामाला लावलं.

मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू. कुऱ्हाडी, विळे, काठ्या, एक शिलाई मशीन, सील केलेल्या पुडक्यांतले कपडे. खटला संपला, अपील संपलं, तरी वस्तू तिथंच. आमचे शेख भाऊसाहेब ती खोली सांभाळायचे. एकेक काढत होते, मी टिपत होतो. कोपऱ्यात काळीठिक्कर पडलेली एक घागर निघाली. तोंडाला कापड, कापडावर लाखेचं सील, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी – 'एक तांब्याची घागर, दोरासह.'

"दोर कुठंय?"

"उंदरं खा गए साहेब. कवाचाच."

लातूर जिल्हा नुकताच झाला होता तेव्हाची केस. तेव्हाही असाच दुष्काळ. गयाबाई नावाची बाई दुपारची पाण्याला गेली. विहिरीच्या काठावर घागर सापडली, दोर सापडला, बाई सापडली नाही. गडी उतरले, गाळ उपसला, काही हाती लागलं नाही. नवऱ्यावर खुनाचा खटला झाला. पण बाई मेली हेच सिद्ध होईना, म्हणून तो सुटला. पुढं तोही वारला. घागर न्यायला कुणी आलंच नाही.

आम्ही शोध घेतला तेव्हा मुलगी सापडली. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती, आजोळी वाढली आणि आता भोकरकडं एका गावात आशा ताई होती. साहेबांनी ऑर्डर केली – घागर दोरासह मुलीला परत द्यावी.

सुनंदाबाई आल्या त्या चारेक वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन. "जयभीम साहेब." मी जयभीम केला. शेख भाऊसाहेबांनी सील तोडून घागर दाखवली. आत कोरडी ठणठणीत, तळाशी हिरवट डाग. बाईंनी पावती वाचली.

"दोरासह लिव्हलंय. दोर कुठं हाय?"

"ऑर्डरमधे दोरासह आहे ताई, तर पावतीपे भी दोरासहच येणार," भाऊसाहेब म्हणाले. "नसता पुन्हा तारीख."

तारीख म्हटल्यावर मराठवाड्यातला कुणीही माणूस सही करतो. बाईंनी केली. पण घागर उचलेनात.

"साहेब, आमी बौद्ध माणसं. सगुण-अपसगुण मानत न्हाई. पण शेजारणीची वाटी बी कुणी रिकामी परत देत न्हाई. आईचं भांडं हाय... घोटभर पाणी टाका यात."

कोर्टाची टाकी सकाळीच संपली होती. घोटभर पाणी फक्त माझ्या बाटलीच्या तळाला होतं. नांदेडपर्यंत पुरवायचं म्हणून राखून ठेवलेलं. भाऊसाहेब माझ्याकडं बघायला लागले. ओतलं, काय करता! खरोखर घोटभर. बाईंनी घागरीच्या तोंडावर फडकं बांधलं.

नांदेडची बस एकच, तेव्हा आम्ही एकाच बसमध्ये. बाईंच्या मांडीवर पोरगी, आम्रपाली तिचं नाव, सकाळपासून मलूल. म्हणून घागर मी मांडीवर घेतली. टाय घालून घागर घेऊन बसलेला माणूस... काय शोभा असेल!

अहमदपूर सोडलं आणि घागर डचमळायला लागली.

मी म्हटलं, घोटभर पाणी आहे, वाजणारच. पण घोटभर पाणी असं वाजत नाही. खड्ड्यातून बस गेली की आत जड, भरलेला आवाज यायचा. पुढच्या सीटवरचे मामा वळून म्हणाले, "लातूरचं पाणी नांदेडला पळवू लागले का साहेब? कळू द्या कुणाला, बसमधून उतरवतील!" सगळे हसले. मीही. पण माझ्या मांड्या भरून आल्या होत्या. घागर जड होत चालली होती... आणि गार. उन्हात पत्रा तापून बसमध्ये हात लावायची सोय नव्हती, आणि माझ्या पोटाला टेकलेलं तांबं माठासारखं गार.

लोह्याच्या अलीकडं टायर फुटलं.

सगळे उतरले. दूरवर एक लिंबाचं झाड, त्याच्या खाली आम्ही पोरीला नेलं, घागर घेऊन मी मागोमाग. तोवर तिनं मान टाकलेली. अंग तव्यासारखं आणि घाम नाही. सुनंदाबाईंनी एकदाच तिच्या पापण्या उघडून बघितल्या, आणि त्या आशा ताई आहेत म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं – रडल्या नाहीत, फक्त ओठ पांढरे पडले.

"ऊन लागलंय. पाणी पायजे, आत्ता."

लोकांनी होतं नव्हतं ते दिलं. बाटल्यांच्या तळाचं गरम पाणी तिच्या डोक्यावर, छातीवर मारलं, संपलं. बाईंच्या पिशवीत ओआरएसची पुडी होती. पाणी नव्हतं. कंडक्टर आणि मामा रस्त्यावर उभे राहून दिसेल त्या गाडीला हात करत होते, एक ट्रक न थांबता गेला. झाडाखाली आम्ही तिघंच.

बाईंनी माझ्या मांडीवरच्या घागरीचं फडकं सोडलं आणि घागर वाकडी केली. आत डचमळलं. बाहेर थेंब नाही. आणखी वाकडी केली... उपडी केली. काही नाही. सरळ केली की पुन्हा डचमळायचं.

त्यांनी आत बघितलं. बराच वेळ. मग साध्या आवाजात, रोजचंच काही सांगावं तसं म्हणाल्या, "पाणी लांब हाय."

मी वाकलो. तोंडावर गार हवा आली, शेवाळाची, ओल्या दगडाची. खाली, फार खाली, रुपयाएवढा गोल उजेड हलत होता. आमच्या डोक्यावर लिंबाचा दाट पाला होता. त्या गोलात मात्र मोकळं आभाळ होतं.

पळून जावं असं वाटलं, हे कबूल करायला लाज नाही. पण घागर माझ्या मांडीवर होती, आणि तिचं वजन असं की उठताच येईना. बाई मात्र पिशवीतून पोरीचा स्टीलचा ग्लास काढत होत्या. कान असलेला ग्लास. त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं.

"टाय द्या."

दिला. ग्लासाच्या कानाला मीच गाठ मारली, बुटाच्या नाडीची. मला दुसरी येत नाही. बाईंनी टाय आत सोडला. घागर माझ्या मांडीवर, हातभर उंचीची... आणि टाय सगळा आत गेला. ग्लास कशालाच टेकला नाही. त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढून टायला जोडला. तोही गेला. मनगट गेलं, कोपर गेलं, तेव्हा खालून आवाज आला – डुबुक.

आणि कुणीतरी धरलं.

मी घागर दोन्ही हातांनी कवटाळली होती, म्हणून मला ते मांड्यांवर कळलं. झटका नव्हता. हळूहळू, सावकाश एक वजन त्या टायला लोंबकळलं. ग्लासाचं नाही. माणसाचं. बाई खेचल्या गेल्या, हात खांद्यापर्यंत आत, गाल तांब्याला घासलेला. मी त्यांचा दुसरा दंड पकडला.

"धरून ठिवा मला," बाई दातांतून म्हणाल्या. मग तोंड घागरीकडं वळवून एकदम हळू, "आई?"

वजन हललं नाही.

"आई... माजी पोरगी जाती बग. आदी पाणी दे. तिला पाणी दे."

किती वेळ गेला सांगता येत नाही. वजन सुटलं. तुटलं नाही, सोडलं... कुणीतरी हात काढून घ्यावा तसं. मग टाय खालच्या खाली थरथरत राहिला, बोटं काहीतरी करत असावीत तसा. आणि मग हलके दोन हिसके. विहिरीत उतरलेला माणूस 'ओढ' म्हणून देतो तसे.

बाईंनी ओढलं. ग्लास काठोकाठ भरून आला. एवढ्या खोलातून आलेला, आणि एक थेंब हिंदकळलेला नाही. पाणी इतकं गार की ग्लासाला बाहेरून दव धरलं. बाईंनी बोटावर घेऊन चव बघितली, पुडीतली थोडी पूड टाकली, आणि चमच्या चमच्यानं पोरीला पाजलं. अर्ध्या ग्लासाला पोरीनं डोळे उघडले. ग्लास संपला तेव्हा ती रडली. इतकं चांगलं रडणं मी माझ्या पोरांचंही ऐकलेलं नाही.

बाईंनी पोरीला माझ्याकडं दिलं आणि रिकामा ग्लास घाईघाईनं पुन्हा आत सोडला. "आता तू ये," म्हणाल्या. "आई, आता धर, आता धर..."

खण्ण.

ग्लास तळाला लागला. वीतभर टाय आत, बाकीचा सगळा त्यांच्या हातात. घागर हलकी झाली होती. आत कोरडा तळ, हिरवट डाग. मी टाकलेला घोटसुद्धा नव्हता. बाई परत परत सोडत राहिल्या – खण्ण, खण्ण – मी "बस करा ताई" म्हणेपर्यंत.

मोटारसायकलवाला मिळाला म्हणून सांगत कंडक्टर धावत आला. पोरीला रडताना बघून तिथंच बसला. मग त्याची नजर ग्लासाकडं गेली.

"ही घागरीची गाठ कुणी मारली? आमची म्हातारी मारायची अशी. शिकलेल्या माणसाला कशी काय येती?"

ग्लासाच्या कानाला माझी नाडीची गाठ नव्हती. विहिरीवर घागरीच्या गळ्यात टाकतात तो फास होता, ओढावं तसा आवळत जाणारा. मी बाईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं.

नांदेडच्या स्टँडवर मी पोरीला रिक्षात बसवलं आणि सवयीनं टायसाठी हात पुढं केला. बाईंनी टाय ग्लासासकट घागरीत ठेवला.

"पावतीवर दोरासह लिव्हून घेतलंय तुमी," त्या म्हणाल्या. "आता मिळाला."

घरी बायकोनं आधी विचारलं, "टाय कुठंय?" आणि मग, "ही पँट कुठं बरबटवली?" मांड्यांवर काळा गाळ वाळलेला होता. त्या उन्हाळ्यात नांदेड ते लातूर मला कुठं दाखवा असा ओला गाळ.

आता स्पष्टीकरण. उन्हानं मलाही भ्रम झाला असेल – मेव्हणा हेच म्हणतो, आणि इतक्या वर्षांचा सूड उगवल्याच्या आनंदात म्हणतो. मग पोरगी काय प्यायली? कंडक्टरनं कुठली गाठ बघितली? पाण्याची भीती वाटत नाही मला. ते वजन आठवतं. त्या वजनाला वर यायचं होतं. आणि ते मांड्यांवर लोंबकळत असताना मी मनात एकच म्हणत होतो, वर येऊ नकोस.

सुनंदाबाईंचा अधूनमधून फोन येतो. आम्रपाली शाळेत जाते. पाऊसपाणी बरं आहे. घागर घासूनपुसून ठेवलीय, टाय बांधलेलाच आहे, गाठ कुणी सोडलेली नाही. रोज दुपारी, घरात कुणी नसलं की, त्या एकदा ग्लास आत सोडून बघतात.

"अजून तरी तळच लागतो, साहेब."