आधी नाट्याला

नोकरी सोडून पूर्णवेळ देवाच्या सेवेला वाहून घ्यायचं, असं मी बेचाळिसाव्या वर्षी ठरवलं. रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होते. लग्न केलेलं नव्हतं, आईवडील प्रभूकडे गेले होते, अडवणारं कुणी नव्हतं. आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीत रविवारी पेटी मी वाजवायचे, आजाऱ्यांना भेटायला मी जायचे, शुक्रवारी उपास धरायचे. तरी जीव थाऱ्यावर नसे. फळ्यावर आकृती काढताना हात मध्येच थांबायचा. भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जायचे ती धाप लागेपर्यंत चालत सुटायचे. प्रार्थनेत एकच विचारायचे, "प्रभू, माझ्याकडून तुला काय हवंय?" उत्तर येईना, तेव्हा मीच ठरवून टाकलं की एवढी तळमळ म्हणजे बोलावणंच असणार.

पाळकसाहेबांना सांगायला गेले, तेव्हा ते चर्चच्या मागच्या अंगणात फणसाची पानं झाडत होते. मला वाटलं, ऐकून आनंदतील. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण देवानं आधीच सांगितलेलं काही करायचं राहिलंय का?"

"म्हणजे?"

"मला काय माहीत? तुमचं तुम्ही बघा."

मला रागच आला. मी निघाले, फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. काय राहिलंय ते मला पक्कं माहीत होतं. चार वर्षं माहीत होतं. तिथेच पायरीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं.

आमच्या प्रयोगशाळेत एक शिपाई होते, मिरकरवाड्याचे. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची. काचेच्या बाटल्यांवर सुरेख अक्षरांत चिठ्ठ्या लावायचे, एक परीक्षानळी इकडची तिकडे होऊ द्यायचे नाहीत. एप्रिलमधल्या एका शनिवारी ते म्हणाले, "बाई, आज लवकर जाऊ का? आईला डॉक्टरकडे न्यायचं हाय." मी म्हटलं, "जा, कुलूप मी लावते." नळाला पाणी नव्हतं. मी हात धुवायला तोटी फिरवली, ती तशीच उघडी राहिली. बेसिनमध्ये फडकं पडलं होतं. चार वाजता चर्चमध्ये गाण्यांचा सराव होता, म्हणून मी कुलूप लावून धावतच सुटले.

रविवारी पाणी आलं. सोमवारी शाळा उघडली तर खालच्या ऑफिसचं छत ठिबकत होतं आणि जुन्या रजिस्टरांचा लगदा झाला होता. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"शनिवारी प्रयोगशाळेला कुलूप कुणी लावलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "रोज हेच लावतात."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. रोज तेच लावायचे. मामा खाली बघत उभे राहिले. त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि जूनमध्ये संस्थेच्या नाटे गावातल्या शाळेत त्यांची बदली झाली. त्यानंतरच्या रविवारीही मी पेटी वाजवली.

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. उपदेश केला नाही. "मग आधी नाट्याला जा," एवढंच म्हणाले.

तीन आठवडे मी देवाशी घासाघीस केली. बुधवारचाही उपास धरला. पत्र लिहिलं, फाडलं. मामा आता विसरले असतील, जखमेवरची खपली कशाला काढायची, असंही स्वतःला समजावलं. पण प्रार्थनेला गुडघे टेकले की ती उघडी तोटीच आठवायची. शेवटी एका शनिवारी सकाळी पावस-आडिवऱ्यावरून जाणारी एसटी पकडली. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं.

नाट्याला मामा पडवीत जाळं शिवत बसले होते. केस पांढरे झाले होते.

"बाई? तुम्ही हिकडं?"

त्यांच्या बायकोनं कोकमाचं सरबत आणून दिलं. मी पेला हातात तसाच धरला आणि एका दमात बोलून टाकलं. नळ माझ्या हातून उघडा राहिला. कुलूप मी लावलं. मी तुमचं नाव पुढे केलं.

मामांच्या हातातली सुई थांबली नाही. "माहीत होतं मला," ते म्हणाले.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो."

त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "चार वर्षं मी ह्यांना म्हणत आले, आईंच्या गडबडीत तुम्हीच नळ बंद करायला विसरला असाल. किती भांडलो त्यावरनं." मग ती आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही.

"आत्ता कशाला आलात?" मामांनी विचारलं.

"देवाला माझ्याकडून हे हवंय, म्हणून."

"आणि त्यानं मागितलं नसतं तर?"

मला खोटं बोलवेना. "तर बहुतेक आले नसते."

त्यांनी दोरा तोडला. "मला सांगून काय उपयोग बाई? मला तर ठाऊकच होतं. जिथं बोलायचं होतं तिथं बोला."

मला वाटलं होतं, नाट्याला जाऊन आले की संपलं. परतीच्या गाडीत तर माझी चुळबुळ आणखीच वाढली. सोमवारी मी मुख्याध्यापकांपुढे लेखी कबुली ठेवली. आता त्या जागी नव्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "मिटलेलं कशाला उकरताय? तुमच्याच अंगाशी येईल."

आलं. संस्थेनं खुलासा मागवला. पर्यवेक्षकाची जागा माझ्याकडे येणार होती, ती दुसऱ्यांकडे गेली. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबायचं. काही महिन्यांनी मामांचा शेरा काढून टाकला. परत येता का, असंही त्यांना विचारलं होतं. ते नको म्हणाले. त्यांचा फोन आला.

"शेरा काढला, बाई."

"बरं झालं. मामा, मला..."

"जेवायला बसलोय. ठेवतो."

माफ केलं, हे शब्द ऐकायची मला केवढी आस लागली होती! ते शब्द द्यायचे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. मला सांगितलेलं काम तेवढंच होतं, आणि ते चार वर्षं उशिरा झालं होतं.

नोकरी मी सोडली नाही. देवानं काही थोर काम सांगावं म्हणून मी कान लावून बसले होते, आणि साधं सांगितलेलं ऐकू येऊ नये म्हणून पेटी वाजवत होते. आता सकाळी विचारते, आज काय? उत्तर बहुधा चटकन मिळतं, आणि बहुधा मला नको असतं तेच मिळतं. परवा वर्गात एका मुलीला सगळ्यांदेखत टोचून बोलले. सगळ्यांदेखत तिची माफी माग, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. मागितली. पण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या तासाला, घंटा व्हायला दोन मिनिटं उरली तेव्हा.