शेवटचं कडवं मंडळीचं

गाणं सुरू करण्याआधी बाई बोटं मुडपून पायपेटीच्या झाकणावर दोनदा टकटक करत. पहिली टकटक खोकणाऱ्यांसाठी, दुसरी बोलणाऱ्यांसाठी. मग चष्म्यावरून सगळ्या देवळावर एक नजर फिरवत आणि म्हणत, "तोंड उघडा की! माशी जात न्हाय आत."

देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ. शेजारचे लोक चर्च म्हणत, आम्ही मात्र देऊळच म्हणत आलो. कोल्हापुरात आम्ही लूथरन मूठभरच. निम्मे शहरात नोकरीधंद्याला, निम्मे गडमुडशिंगीकडून रविवारी चालत येणारे. पायताणं बाहेर व्हरांड्यात काढायची, बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसायचे आणि उपासनेचा क्रम पुस्तकात लिहिलाय तसा उठत-बसत म्हणायचा, हा आमचा रिवाज. आणि या सगळ्याला सूर देणारी ती पायपेटी. बसून वाजवायची, पायांनी भाता मारायचा. एका जुन्या मिशनरी कुटुंबाने जाताना ती देवळाला दिली होती आणि तेव्हापासून बाईंशिवाय कुणी तिच्यावर बसलं नव्हतं.

बाई मुलींच्या शाळेत गाणं आणि शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. पांढरी सुती साडी, खांद्यावर पिनेने टाचलेला पदर. देवळात आल्या की पायांत राखाडी मोजे चढवत, तेही फक्त उपासनेपुरते. शाळेत त्या अगदी पुस्तकी बोलत, पण पेटीवर बसल्या की त्यांच्या तोंडून अस्सल कोल्हापुरी बाहेर पडे. देवाला कुठली भाषा जवळची वाटते याबद्दल त्यांची काहीतरी खात्री असावी.

त्यांची आणखी एक सवय होती. कुठल्याही गीताचं शेवटचं कडवं आलं की त्या पट्ट्यांवरून दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत. पाय चालूच असत, त्यामुळे भात्याचा नुसता उसासा ऐकू येई. मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेली सगळी माणसं, एकटी गात राही आणि बाई मान तिरपी करून ऐकत. स्वतः गात नसत. आम्ही तरुण पोरं त्यावरून त्यांची टिंगल करायचो. "भाता दमला," म्हणायचो. "बाईंना शेवटचं कडवं येतच नाही," असंही आमच्यातल्या एकाने पसरवलं होतं. तो एक म्हणजे मीच.

आता माझं सांगतो. मी नगरपालिकेत कारकून होतो आणि तबला वाजवायचो. बरा वाजवायचो. आपण बरं वाजवतो हे ज्याला फार लवकर कळतं, तसला मी. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

संस्थान विलीन झालं, त्या सुमाराची गोष्ट. सगळीकडे नव्याचे वारे होते आणि आम्हा तरुणांना वाटायला लागलं की देवळातच काय ते जुनं राहिलंय. परक्या चालींवर बसवलेली गीतं, ताणून ताणून गायची. मुडशिंगीच्या लोकांना वाचता येत नाही, ते लोक पुस्तक उलटं धरून बसतात. त्यापेक्षा भजन करावं, तबला-टाळ आणावेत, आपल्या मातीतलं गावं. आमचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आजही मला वाटतं. पण ते आम्ही ज्या तोऱ्यात मांडलं तो आठवला की आज कानशिलं तापतात.

मंडळीची सभा भरली. आमच्या पंथाच्या मूळपुरुषाने लोकांना आपल्या भाषेत गायला लावलं, असं आम्ही म्हणालो. त्याच मूळपुरुषाने उपासनेचा क्रम मोडला नाही, असं पेटीवाले म्हणाले. बिचारा तो चारशे वर्षांपूर्वीचा माणूस दोन्ही बाजूंनी ओढला गेला. शेवटी बाई उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तबला वाजत आसंल तवर मी ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची न्हाय."

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, स्वभावाने इतके मऊ, की कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांना खोकला येई. त्या दिवशी त्यांना बराच वेळ खोकला आला. शेवटी त्यांनी तोडगा काढला. एक वर्ष सकाळी पेटीची उपासना, संध्याकाळी तबल्याची. वर्ष संपल्यावर जिकडे माणसं जास्त, तीच उपासना राहील. दुसरी बंद. म्हणजे आम्ही जिंकलो तर पायपेटी मागच्या सामानाच्या खोलीत जाणार होती आणि बाई कुठे जाणार याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही. बाईंच्या घरात दोन खुर्च्या, एक मांजर आणि रविवार, एवढंच होतं.

संध्याकाळी गर्दी व्हायला लागली. माझा एक मित्र इथल्याच एका स्टुडिओत पेटीची साथ करायचा. तो हातपेटी घेऊन यायचा आणि जुन्या गीतांना नव्या चाली लावायचा. मी असे तुकडे टाकायचो की लोक माना डोलवत. सकाळी मात्र बाईंच्या समोर पंधरा-वीस डोकी. तरी टकटक दोनदाच, आणि तोंड उघडायची ताकीद तीच.

आषाढात एक गोष्ट घडली. आमचा तबला देवळातल्या कपाटात असायचा. आठवडाभर पावसाची नुसती झड लागलेली. आता तबल्याच्या शाईने ओल धरली असणार, या धास्तीने मी कपाट उघडलं, तर तबला आणि डग्गा एका हिरव्या शालीत नीट गुंडाळलेले आणि बाजूला पुरचुंडीत ओल शोषायला कोरडा कोळसा. शाल बाईंची होती, सगळ्या देवळाला ती ठाऊक होती. मी ती परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, "ठेव तितंच. पेटीला गुंडाळायची, आता तुझ्या तबल्याला गुंडाळली. पावसाला काय कळतंय, कोण कुठल्या पार्टीचं?"

मी आभार मानले का? नाही. आपलाच विजय जवळ आलाय आणि म्हातारी वरमलीय, असं वाटून मी खूश होऊन घरी गेलो.

मग आला उपवासकाळ. आमच्यात हे दिवस पश्चात्तापाचे. पापकबुलीच्या आधी म्हणायच्या गीताला माझ्या मित्राने एक नवी चाल लावली. चाल खरोखर गोड होती. दोन रविवार ती गाजली. तिसऱ्या आठवड्यात इथल्या टॉकीजला एक नवा सिनेमा लागला आणि आमचं कपाळ फुटलं. मित्राने तीच चाल मागच्या वर्षीच स्टुडिओतल्या साहेबांनाही ऐकवली होती. त्यांनी ती उचलून फडावरच्या लावणीला लावली. एकच चाल दोन्हीकडे दिली हे तो पठ्ठ्या साफ विसरला होता. टॉकीजच्या भोंग्यावर तीच, चहाच्या दुकानात तीच, टांगेवाल्यांच्या तोंडी तीच. मी त्या आठवड्यात कचेरीच्या कामाने पन्हाळ्याला होतो, रविवारी दुपारी परतलो. मला काहीच पत्ता नव्हता. मित्राने सांगायचं धाडस केलं नाही.

त्या संध्याकाळी मी झोकात ठेका धरला. मंडळीने पहिली ओळ म्हटली, आपण किती पापी आहोत या अर्थाची. ती संपते न संपते तोच मागच्या बाजूने कुणीतरी लांब सूर लावला, "जी रं जी जी!"

देऊळ हसण्याने फुटलंच. पोरं तोंडात रुमाल कोंबू लागली. बायकांच्या बाजूला मुडशिंगीची आक्का बसायची, सत्तरीची, आवाज शेताच्या त्या टोकाला जाईल असा. ती मोठ्यांदा म्हणाली, "आगं बया! ही तर नाचणारणीची चाल हाय की!" पाळकसाहेबांना खोकला आला. मित्र पेटीवर वाकून जणू तिच्यात शिरायला बघत होता. माझे हात तबल्यावर तसेच थिजले. वर्षभर उभारलेलं सगळं पापकबुलीच्या तोंडावरच हसण्यावारी जात होतं आणि ते सावरायचं कसं हे मला कळत नव्हतं.

तेवढ्यात दाराच्या चौकटीवर टकटक झाली. दोनदा.

बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या बाहेर, पायताणांच्या ढिगात. त्यांनी गायला सुरुवात केली. मी त्यांना एकटीने गाताना कधीच ऐकलं नव्हतं. आवाज थकलेला होता, पण सूर जराही हलत नव्हता. मला वाटलं, जुनी चाल धरतील. नाही. तीच चाल धरली, फडावरची, पण संथ. प्रत्येक अक्षरावर थांबत, जणू कुणी अवघड कबुली देताना शब्द शोधतंय. आणि मी ऐकत राहिलो. चाल तीच आणि तिच्यात रडू होतं.

पहिली आक्काच त्यांच्या मागे गायला लागली. मग बायकांची बाजू, मग आमची. "जी रं जी" वाल्याचं तोंड बंद झालं. मी तबल्यावरचे हात उचलून मांडीवर ठेवले. वर्षभरात पहिल्यांदा मला मंडळीचा आवाज ऐकू आला. तोवर मी फक्त स्वतःला ऐकत होतो.

उपासना संपल्यावर मी बाहेर आलो. बाई पायरीवर बसून मोजे काढत होत्या.

"बाई, तुम्ही इथं?"

"भायेरच हाय. आत न्हाय आले. शब्द मोडला न्हाय मी."

"आजच आलात?"

"पयल्या रविवारपासनं."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो. त्याच पुढे म्हणाल्या, "तुझा हात चांगला हाय रे. लई चांगला हाय, म्हणून तर भ्या वाटत व्हतं. लोक ऐकत बसत्यात. देवळात ऐकायला कोण आलंय? गायला आल्यात."

"आणि चाल?"

"चालीचं काय पाप न्हाय. घाई तुझी हाय."

मग मी धीर करून विचारलं, शेवटच्या कडव्याला तुम्ही हात का उचलता? त्यांनी मोज्यांची घडी घातली. म्हणाल्या, "ते कडवं मंडळीचं. पेटी थांबली तरी गाणं थांबत न्हाय, ह्ये लोकास्नी कळाय नको व्हय?"

वर्षाची सभा झाली. डोकी मोजली तर संध्याकाळची जास्त. ठरल्याप्रमाणे पायपेटी सामानाच्या खोलीत जायची. आमच्या पार्टीने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी फर्डं बोलेन म्हणून. मी उठलो आणि म्हणालो की पेटी जाणार असेल तर तबलाही तिच्याबरोबर त्याच खोलीत ठेवा. भजन गाऊ, जुनी गीतंही गाऊ, पण एकाच उपासनेत आणि बाईंच्या हाताखाली. आमच्यातले दोघं-तिघं मला महिनाभर बोलले नाहीत. पाळकसाहेब मात्र त्या दिवशी एकदाही खोकले नाहीत.

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. त्यांनी शब्द दिला होता ना, तबला वाजतोय तोवर आत यायचं नाही. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "शेवटच्या कडव्याला तबल्याचं बी हात वर व्हनार आसतील, तर माझा शब्द मी मागं घेते. देव माफ करंल."

पुढची सात-आठ वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसून वाजवलं. भांडणं होतच राहिली. मी जरा लय वाढवली की पेटीमागून कुजबुज येई, "कुठं पळतोस? टांगा लावलाय व्हय भायेर?" त्या काही भजनांच्या चाली आक्काकडून शिकल्या, पुस्तकात उतरवून घेतल्या, आणि आक्कालाच चुकली म्हणून पुन्हा शिकवल्या. मी तोवर जे काही वाजवत होतो त्यापेक्षा त्या वर्षांत मी पुष्कळ कमी वाजवलं आणि त्याबद्दल मी बाईंचा जन्माचा ऋणी आहे.

मग बाईंच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. कुणाला सांगितलं नाही. फक्त शेवटच्या दोन कडव्यांना हात उचलायला लागल्या. काही महिन्यांनी तीन. आम्ही काही पाहिलंच नाही असं दाखवून गात राहिलो. एका पावसाळ्यात त्या पहिल्या कडव्यापुरत्याच वाजवत. शेवटी शेवटी पेटी उघडत नसत. येऊन बसायच्या, झाकणावर दोनदा टकटक करायच्या, तोंड उघडायला सांगायच्या आणि मान तिरपी करून बसायच्या.

एके दिवशी सकाळी शेजारणीने मांजर ओरडतंय म्हणून दार ढकललं. बाई झोपेतच गेल्या होत्या.

अंत्यविधीला देऊळ भरून व्हरांड्यातही माणसं उभी होती. पेटीवर कुणी बसलं नाही, झाकण बंद होतं. गीत सुरू करायची वेळ आली तेव्हा सगळे कसली तरी वाट पाहत थांबले आणि मग माझ्या लक्षात आलं. मी तबल्यावरून हात लांब करून त्या झाकणावर दोनदा टकटक केली. तोंड उघडा, एवढं मात्र मला म्हणवलं नाही.

शेवटचं कडवं आलं तसे मी हात उचलले. मंडळी गात होती, आक्का सगळ्यांच्या वर. बाईंचा आवाज कमी पडलाय असं कुठे वाटेना. त्या कडव्यात तो कधी नव्हताच. इतकी वर्षं दर रविवारी एक कडवं त्या आम्हाला आपल्यावाचून गायला लावत होत्या, आणि मी म्हणायचो भाता दमला.

मी गायलो नाही. हात मांडीवर ठेवून ऐकत बसलो.