शेवटच्या सभेतला ठराव

राजधानीतल्या एका भागाची छोटी परिषद मोडून ती महापालिकेत विलीन करायची, असं सरकारनं ठरवलं. अठ्ठावीस वर्षं सभांचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई शेवटच्या सभेलाही वही उघडून बसल्या. भाषणं आटोपली आणि शिंपीकाका उभे राहिले. चार वेळा निवडून आलेल्या या सदस्याचं एकच मागणं असे, शाळेसमोर पादचारी पूल. तिथंच त्यांची लेक ट्रकखाली गेली होती. दर वेळी विषय पुढच्या सभेवर ढकलला जाई. माघारी सगळे त्यांना ‘पूलकाका’ म्हणत.

"काका, आता आपल्या हातात काही उरलं नाही हो," अध्यक्ष ओशाळून म्हणाले.

"पुढची सभाही उरली नाही, साहेब. आज तरी ढकलू नका."

सगळ्यांनी हात वर केले. भरल्या डोळ्यांनी बाईंनी ठराव वहीत उतरवला.

दोन महिन्यांनी महापालिकेनं कळवलं, की जुने ठराव रद्द, नव्यानं अर्ज करा. ते पत्र घेऊन बाई काकांच्या घरी गेल्या.

"पंधरा दिवस झाले त्यांना जाऊन," काकू म्हणाल्या. "पण पूल मंजूर झाला म्हणून समाधानानं गेले बघा."

बाईंनी मान हलवली. पत्र त्यांनी पर्समधून बाहेर काढलंच नाही.